श्रद्धेबद्दल कोणी खोदून विचारलं तर काय सांगावं? (खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळींसाठी, आणि न मानणाऱ्यांसाठीही)

रंगावली

आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये एक सवय पक्की झाली आहे. कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की आपण लगेच साक्ष सांगायला लागतो. विचारणाऱ्याने विचारलेलं असतं, "येशू मेलेल्यातून उठला हे कशावरून?" आणि आपण सांगतो, "माझ्या भावाला ताप होता, प्रार्थना झाली, उतरला." समोरचा गप्प बसतो. आपल्याला वाटतं त्याला पटलं. त्याला पटलेलं नसतं, आपल्याशी बोलण्यात अर्थ नाही एवढंच त्याला कळलेलं असतं.

साक्ष सांगू नये असं मी म्हणत नाही. माझ्या घराची साक्ष मला प्रिय आहे. मी नवापूर तालुक्यातली, मावची आदिवासी घरातली. आजीच्या पिढीत घर ख्रिस्ती झालं. सध्या धुळ्यात नर्स आहे. पण साक्ष ही माझी गोष्ट झाली. प्रश्न येशूबद्दल असेल तर उत्तरही येशूबद्दल हवं.

आपल्या श्रद्धेचं एक वैशिष्ट्य आपणच विसरतो. ती एका घटनेवर उभी आहे. प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला (चर्चला) स्पष्ट लिहिलं की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. म्हणजे खोटं ठरवायची जागा त्याने स्वतःच दाखवून दिली. ज्याच्या श्रद्धेत अशी जागा आहे त्याने इतिहासाच्या प्रश्नाला घाबरायचं कारण काय? पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय, आणि लगेच पुढे सौम्यतेने द्या असंही. आपल्यातले काही जण तयारी करतात पण सौम्यता विसरतात. बाकीचे नुसतेच सौम्य.

खानदेशात कोणकोणते प्रश्न येतात, तुम्ही काय उत्तर देता, कुठे अडता ते इथे लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. मला प्रश्न मूळ विचारणाऱ्याकडूनच ऐकायचे आहेत.

जंक्शनवाला

ताई, चांगला धागा. मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. आमचं कुटुंब तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. तरुण पोरांना मी आधी तारखा शिकवतो.

वधस्तंभाची घटना साधारण इसवी सन ३० किंवा ३३ ची. पौल करिंथला होता तेव्हा गल्ल्यो तिथला अधिकारी होता असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, आणि डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून गल्ल्योचा काळ ५१-५२ च्या आसपास बसतो. करिंथकरांना पहिलं पत्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. म्हणजे घटनेला जेमतेम वीस-पंचवीस वर्षं झालेली. त्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल म्हणतो, मला जे सांगण्यात आलं तेच मी तुम्हाला सांगितलं. ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, बारा शिष्यांना दिसला, मग पाचशेहून अधिक जणांना, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. गलतीकरांच्या पत्रात तोच सांगतो की तो यरुशलेमेत पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. म्हणजे त्याने ही माहिती ज्यांच्याकडून घेतली ती माणसं कोण हे आपल्याला ठाऊक आहे.

बाहेरचे साक्षीदारही आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की तिबेरियाच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. यहुदी इतिहासकार जोसीफस 'ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब' याला दगडमार झाल्याचं सांगतो. साधारण ११२ साली रोमन अधिकारी प्लिनी सम्राटाला कळवतो की हे लोक पहाटेच्या आधी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. यांपैकी कोणीही ख्रिस्ती नव्हता.

पांझराकाठ

मी धुळ्याचा. विज्ञानाचा शिक्षक होतो, अंनिसच्या कामात आहे. बोलावलंत म्हणून लिहितो. माझा सूर कडक वाटला तरी मनात वैर नाही.

येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि त्याला रोमनांनी मारलं, हे मला मान्य आहे. तो झालाच नाही म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत, मी त्यांच्यातला नाही. पण जंक्शनवाला काकांच्या यादीतून त्यापुढे काय सिद्ध होतं? टॅसिटसने घटनेनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी लिहिलं. प्लिनी सांगतो ते लोक काय मानत होते, खरं काय होतं ते नव्हे. जोसीफसच्या ग्रंथात येशूवरचा दुसरा एक उतारा आहे, त्यात ख्रिस्ती नक्कलकारांनी भर घातली असं ख्रिस्ती अभ्यासकही मानतात. पाचशे साक्षीदार म्हणाल तर ते एका माणसाने लिहिलेलं एक वाक्य आहे, पाचशे जबान्या नव्हेत. जवळचं माणूस गेल्यावर ते दिसल्याचा भास होणं तर आपल्या घराघरांत ऐकायला मिळतं.

आणि दुसरं. इतिहास बाजूला ठेवा. तुमच्या चंगाई सभांचं काय? फलकावर लिहिलेलं असतं आंधळे पाहतील, पांगळे चालतील. आम्ही भगताच्या अंगाऱ्याविरुद्ध बोललो की तुम्ही टाळ्या वाजवता. मग सभेतल्या प्रार्थनेच्या तेलाच्या बाटलीविरुद्ध का बोलत नाही?

रंगावली

सर, मनापासून आभार. तुमच्या म्हणण्यातलं बरंचसं बरोबर आहे, ते आधी सांगते.

जोसीफसचा तो मोठा उतारा आपल्या लोकांनी संशयी माणसापुढे ठेवू नये. तो भरवशाचा नाही. याकोबाच्या उल्लेखावर मात्र बहुतेक अभ्यासकांचा आक्षेप नाही, तोच काकांनी दिलाय. टॅसिटस आणि प्लिनीवरून पुनरुत्थान सिद्ध होत नाही हेही खरं. त्यांच्यावरून एवढंच ठरतं की हे एखाद्या पुराणातलं पात्र नाही.

भासाबद्दल. पेत्र शोकात होता, त्याला भास झाला असं म्हणता येईल. पण पौल शोकात नव्हता. तो या लोकांना पकडून तुरुंगात टाकत होता. याकोब घरचाच, पण येशूच्या हयातीत भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता हे योहानाच्या शुभवर्तमानात सरळ लिहिलंय, आणि मार्क सांगतो की घरचे त्याला वेडा ठरवून धरून न्यायला आले होते. स्वतःच्या चळवळीची अब्रू जाईल अशी गोष्ट कोणी उगाच रचत नाही. कबर रिकामी पाहणाऱ्या पहिल्या साक्षीदार बायका होत्या, ज्यांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. शिवाय यहुदी लोक पुनरुत्थानाची वाट पाहत होते ती युगाच्या शेवटी सगळ्यांच्या उठण्याची. मधेच एकटा माणूस उठेल ही अपेक्षाच कोणाची नव्हती. मनात जे नाही त्याचा भास कसा होईल, असं मी विचारेन.

इथपर्यंत इतिहास नेतो. या माणसांनी काहीतरी पाहिलं अशी त्यांची खात्री होती, ती खात्री लवकरची होती, आणि तिच्यासाठी त्यांनी मार खाल्ला. त्यापुढचं पाऊल मी विश्वासाने टाकते. ते पाऊल पुराव्याने भाग पाडतं असं मी कोणालाही सांगणार नाही. देव मुळीच नाही असं आधीच ठरवलं असेल तर दुसरं कुठलंही कारण जास्त संभवनीय वाटणार. देव असण्याची शक्यता उघडी ठेवली तर हे सगळं वेगळं दिसतं. आपला खरा मतभेद तिथे आहे, करिंथकरांच्या पहिल्या पत्रावर नाही.

चंगाई सभांबद्दल मला वेगळं आणि सविस्तर लिहायचं आहे. रात्रपाळी आहे, उद्या लिहिते.

केळीचं पान

ताई, मी रावेरची, जळगावला इंजिनिअरिंगला आहे. हॉस्टेलमध्ये रूममेट म्हणते, बायबल तर सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ साली बसून ठरवलं, नको ती पुस्तकं जाळली. आणि येशू बारा ते तीस वयात काश्मीरला येऊन शिकून गेला, ते चर्चने लपवलं. व्हिडिओ दाखवते. माझ्याकडे उत्तर नसतं आणि मी गप्प बसते. गप्प बसले की ती म्हणते बघ.

जंक्शनवाला

बेटा, घाबरू नको. ३२५ ची निकीयाची परिषद झाली, ती आरियसच्या शिकवणीवर. पुत्र हा पित्यासारखाच अनादी देव आहे की निर्माण केलेला, हा वाद होता. कोणती पुस्तकं नव्या करारात घ्यायची हा विषय तिथे ठरलाच नाही. चारही शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती. काही लहान पुस्तकांवर बराच काळ चर्चा चालू राहिली. आज आहेत तीच सत्तावीस पुस्तकं नेमकी मोजून दाखवणारी यादी बिशप अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते.

काश्मीरची गोष्ट नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये छापली. लडाखच्या हेमिस मठात हस्तलिखित पाहिलं असा त्याचा दावा. तेव्हाच संस्कृतचा अभ्यासक मॅक्सम्युलर याने शंका घेतली. पुढच्या वर्षी डग्लस नावाचे प्राध्यापक हेमिसला जाऊन मठाच्या प्रमुखांना भेटले, तर त्यांनी असं हस्तलिखित नाही आणि असा माणूस आलाही नाही असं सांगितलं. पण रूममेटला हे सांगताना "तुला काहीच माहीत नाही" असा आव आणू नको. व्हिडिओ तिने बनवलेला नाही.

रंगावली

काकांच्या उत्तरात माझी थोडी भर. बायबल बदललं का, या प्रश्नाला "एक अक्षरही बदललेलं नाही" असं उत्तर देऊ नकोस. ते खरं नाही आणि ती मुलगी पाच मिनिटांत मोबाइलवर शोधून काढेल. हाताने नकला होत होत्या, फरक पडले. बहुतेक फरक शुद्धलेखनाचे, शब्दांच्या क्रमाचे. दोन मोठे आहेत: मार्कचे शेवटचे बारा श्लोक आणि योहानातली व्यभिचाराच्या आरोपातल्या बाईची गोष्ट. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत मोठ्या जुन्या हस्तलिखितांत हे दोन्ही भाग नाहीत. हे तू आधी सांग. तिने शोधून काढण्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला कळेल की तू काही लपवत नाहीस. ग्रीक हस्तलिखितं हजारोंनी आहेत, म्हणून तर फरक कुठे आहे ते सापडतं. एकच प्रत ठेवून बाकीच्या नष्ट केल्या असत्या तर हे कळलंच नसतं.

आणि माहीत नसेल तेव्हा "मला माहीत नाही, विचारून सांगते" म्हण. मग खरंच विचार आणि खरंच जाऊन सांग. आठवड्याने का होईना.

तोरणमाळ

मी धडगावकडचा, पावरा आदिवासी. तुमचा इतिहास, ग्रीक, रोमन, ठीक आहे. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे.

आमच्या पाड्यावर काही घरं प्रार्थनेला जायला लागली. मग ती होळीला येईनात. इंदलच्या सणाला येईनात. देवमोगराच्या जत्रेला निघालो तर म्हणतात ते सैतानाचं. माझ्या सख्ख्या काकाने माझ्या आजीला हे शब्द ऐकवले. देवमोगराची देवी याहा मोगी आमची आई आहे. तुम्ही येशूबद्दल कितीही सौम्य बोला, आमच्या आईला सैतान म्हणणाऱ्याचं आम्ही का ऐकावं?

आणि तुमचे लोक नेहमी सांगतात दारू सुटली, डाकिणीची भीती गेली, म्हणून धर्म खरा. दारू तर गुलाम महाराजांनीही सोडवली. तळोद्याच्या मोरवडचे ते. १९३० च्या दशकात हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमायचे, एकमेकांना आप म्हणायचे, दारू-मांस सोडायचे. कोणी धर्म बदलला नाही. मग?

पांझराकाठ

तोरणमाळ, हा मुद्दा जबरदस्त आहे. परिणाम चांगला म्हणून दावा खरा, हे तर्काला धरून नाही. आमच्या व्यसनमुक्ती शिबिरातही दारू सुटते.

रंगावली

तोरणमाळ दादा, तुमचा प्रतिसाद वाचून उत्तर द्यायला मुद्दाम दोन दिवस थांबले.

तुमच्या आजीला जे ऐकवलं गेलं ते चूक होतं. पौल अथेन्सला गेला तेव्हा गावभर मूर्ती पाहून त्याच्या जिवाला त्रास झाला, असं लिहिलंय. पण बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने त्यांच्या वेदीवरच्या लेखापासून सुरुवात केली, त्यांच्याच कवींच्या ओळी घेतल्या. कोणाच्या देवाला शिवी दिली नाही. आमच्या प्रचारकांनी तो अध्याय वाचलेला असतो, तरी पाड्यावर गेल्यावर विसरतात.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. मी याहा मोगीची पूजा करत नाही आणि करणार नाही. येशूला प्रभू मानल्यावर ते मला शक्य नाही. पण पूजा न करणं वेगळं आणि अपमान करणं वेगळं. होळीच्या ढोलावर माझा पाय आजही थिरकतो. आमच्या मावची मंडळीत भजनाला ढोल आहे, चाली आमच्याच आहेत. पूर्वी काहींनी ढोलसुद्धा बंद करायला लावला होता. कोणत्या गोष्टी पूजेच्या आणि कोणत्या नुसत्या आपल्या माणसांच्या, हे आदिवासी ख्रिस्ती माणसाने स्वतः बसून ठरवायला हवं, बाहेरून आलेल्याने नाही. गावाच्या कामाला, पाण्याला, मयताला, एकमेकांच्या शेताला ख्रिस्ती घर पाठ फिरवत असेल तर ते येशूच्या शिकवणीला धरून नाही.

आता दारू आणि गुलाम महाराज. तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. गुलाम महाराजांचं काम मोठं होतं, आणि त्यावरून दिसतं की दारू सुटणं हा ख्रिस्ताच्या सत्याचा पुरावा होत नाही. मी आपल्या लोकांना हेच सांगते की तो पुरावा म्हणून वापरू नका. उद्या मंडळीतला एखादा पुन्हा प्यायला लागला तर काय ख्रिस्त खोटा ठरला?

डाकिणीबद्दल मात्र थोडं वेगळं सांगावंसं वाटतं. माझ्या आजीच्या बहिणीला गावाने डाकीण ठरवलं होतं. लेकरं आजारी पडली की तिच्याकडे बोट. आजी सांगायची, कोणत्याच बाईकडे कोणतीच अशी शक्ती नाही, हे तिने पहिल्यांदा प्रार्थनेच्या घरात ऐकलं. यावरून येशू उठला हे सिद्ध होत नाही, ठाऊक आहे मला. पण "तुमच्या श्रद्धेने तुम्हाला काय दिलं" असं कोणी विचारलं, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि तिथे ही गोष्ट मी सांगणारच.

तोरणमाळ

काकाला हे वाचून दाखवीन. बाकी मी काही बदलणार नाही, पण सरळ बोललात.

एक राहिलं. इंग्रजांनी धर्म आणला, हे तर खरं ना?

जंक्शनवाला

भाऊ, केरळात ख्रिस्ती लोक इंग्रजांच्या हजार वर्षांहून आधीपासून आहेत. सहाव्या शतकातल्या एका ग्रीक प्रवाशाने मलबारातल्या मंडळीचा उल्लेख केलाय. ईस्ट इंडिया कंपनीला तर मिशनरी नको होते, व्यापाराला धोका म्हणून. १८१३ च्या सनदेनंतर वाट मोकळी झाली. त्याच वर्षी मुंबईत आलेले पहिले अमेरिकन मिशनरी कलकत्त्याहून हाकलले गेलेले होते. खानदेशात पुढे काम केलं ते मुख्यतः अमेरिकन आणि स्वीडिश लोकांनी. तरीही इंग्रजी राज्याच्या सावलीत त्यांना सोय झाली, हे नाकारू नये. आणि गोव्याचं इन्क्विझिशन, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता. तिथे ख्रिस्ताच्या नावाने माणसांचा छळ झाला. त्याचं समर्थन करणारा ख्रिस्ती मला भेटला तर मी त्याच्याशी तिथेच भांडेन.

गोमाई

मी शहाद्याजवळची. हे सगळं वाचते आहे. माझा मुलगा सिकलसेलने गेला. नववीत होता. एका सभेत नेलं होतं, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, बरा झाला म्हणाले, गोळ्या बंद करा म्हणाले. नंतर गेला तेव्हा म्हणाले घरात विश्वास कमी पडला. माझे मालक ख्रिस्ती नाहीत. ते रोज विचारतात कुठे होता तुझा देव. मला इतिहास नको. त्यांना मी काय सांगू?

रंगावली

ताई,

तुमचा विश्वास कमी पडला नव्हता. हे आधी वाचा, मग पुढचं.

आंधळ्या माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापांचंही नाही. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं, गेला नाही. त्याचा सोबती त्रफिम याला त्याने मिलेतात आजारी सोडलं. तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं, म्हणजे औषधच सांगितलं. यांचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल? जुन्या करारातल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याला तेच सांगत होते, तुझ्यातच काही खोट असेल. शेवटी देव त्या मित्रांवर रागावला, ईयोबावर नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक. कोणाच्या पापाचा, विश्वासाचा त्याच्याशी संबंध नाही. हायड्रॉक्सियुरियाने झटके कमी होतात, आयुष्य वाढतं. ती गोळी बंद करायला सांगणाऱ्याने देवाच्या नावाने खोटं सांगितलं. घरात दुसरी मुलं असतील तर त्यांची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात होते. कुठे जायचं ते मला निरोप पाठवून विचारा.

मालकांना काय सांगायचं? माझ्याकडे असं वाक्य नाही ज्याने त्यांचा प्रश्न मिटेल. देवाने का थांबवलं नाही, याचं कारण बायबलमध्येही सांगितलेलं नाही. तिथे दिसतो तो मित्र लाजराच्या कबरेजवळ रडणारा येशू, आणि वधस्तंभावर "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" म्हणून ओरडणारा येशू. तुमच्या मालकांनी विचारलं तसाच प्रश्न. ते विचारतात तेव्हा देवाची बाजू मांडत बसू नका. त्यांचंही लेकरू गेलंय. सोबत बसा, मुलाचं नाव घ्या, त्याच्याबद्दल बोला.

पांझराकाठ

गोमाई ताई, मी देव मानत नाही, पण रंगावली ताईंनी लिहिलेलं प्रत्येक वैद्यकीय वाक्य बरोबर आहे. तुमची काही चूक नव्हती. तपासणीसाठी सोबत कोणी हवं असेल तर आमचे कार्यकर्ते येतील.

रंगावली ताई, चंगाईचं उत्तर मिळालं. पण हे इथे लिहिणं सोपं आहे, तुमच्या मंडळीत उभं राहून बोलाल का?

रंगावली

बोलते, सर. प्रार्थनेने देव बरं करू शकतो असं मी मानते, वॉर्डात रुग्णाने मागितली तर प्रार्थना करते. पण बरं झाल्याचं डॉक्टरांनी तपासल्याशिवाय स्टेजवरून सांगायचं नाही, आणि चालू औषध कोणी बंद करायला लावायचं नाही, हे दोन नियम आमच्या मंडळीत आम्ही करून घेतले. येशूने महारोग्याला बरं केलं तेव्हा त्यालाही याजकाकडे जाऊन दाखव असं सांगितलं होतं. तपासणीला तो घाबरला नाही. पाळकांना थोडा वेळ लागला, पण पटलं. जिथे अजून पटलेलं नाही तिथे मी बोलत राहीन. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू चावल्यावर उपचार अडवणं गुन्हा आहे. तो भगताला लागू आहे तसा आमच्या माणसालाही आहे.

अमळनेरकर

मी वारकरी. वडील सखाराम महाराजांच्या वाडीशी जोडलेले. येशूबद्दल मला आदर आहे. पण "माझ्याखेरीज बापाकडे कोणी येत नाही", हे मला खटकतं. तुकोबांनी मला जे दिलं ते खोटं का?

जंक्शनवाला

माउली, नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंगच लिहिले. तुकोबांनी तुम्हाला दिलं ते खोटं असं मी म्हणणार नाही, सत्य जिथे आहे तिथे ते देवाचंच. तरी ते वाक्य येशूचंच आहे, तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते मी झाकणार नाही. त्याने स्वतःबद्दल केलेला तो दावा आहे. खरा असेल तर तुमच्यासाठीही आणि माझ्यासाठीही, खोटा असेल तर दोघांसाठीही खोटा. तुम्ही तपासून नको म्हणालात तरी आपली चहाची बैठक मोडायची नाही.

केळीचं पान

एक शंका. असं बोलणं कायद्याने चालतं ना? घरचे म्हणतात तक्रार होईल.

जंक्शनवाला

घटनेच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. तिने विचारलं, तू उत्तर दिलंस, ते संभाषण झालं. पैसा, नोकरी, शाळेचा प्रवेश, बरं होण्याची हमी, यातलं काहीही त्यात येता कामा नये. कायद्याची भीती नसती तरी ते चूकच होतं.

पांझराकाठ

मी कुठे उभा आहे ते सांगतो. करिंथच्या पत्रातला दावा लवकरचा आहे हे मला मान्य. पण लवकरचा म्हणून खरा ठरत नाही. पौलाच्या बाबतीत माझ्याकडे नीट उत्तर नाही. याकोबाबद्दलही विचार करावा लागेल. तरी मेलेला माणूस उठला यापेक्षा काहीतरी वेगळं घडलं असावं, असंच मला वाटतं.

रंगावली

सर, एवढं नेमकं सांगितलंत त्याबद्दल आभार. लवकरचा म्हणून खरा ठरत नाही, बरोबर. हळूहळू वाढलेली दंतकथा म्हणून मात्र तो सोडून देता येत नाही. एक विनंती करते. आता माझं ऐकू नका, मार्क वाचा. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. वाचून झाल्यावर आवडलेलं सांगू नका, खटकलेलं सांगा.

पांझराकाठ

पाचव्या अध्यायापर्यंत आलो. भुतं डुकरांत गेली आणि दोन हजार डुकरं तळ्यात बुडाली. ज्याची होती त्याचं नुकसान कोणी भरून दिलं? आमच्याकडे एक म्हैस वीज पडून मेली तर घर उघड्यावर पडतं.

रंगावली

भरून दिल्याचं लिहिलेलं नाही, सर. मालक कोण होते हेही नाही. गावकरी आले, कबरांत राहणारा तो माणूस कपडे घालून शुद्धीवर बसलेला पाहिला, डुकरांचं ऐकलं आणि येशूला आमच्या भागातून निघून जा म्हणाले. येशूने वाद घातला नाही, नावेत बसला. तो बरा झालेला माणूस सोबत येतो म्हणाला तर त्याला घरी पाठवलं, आपल्या माणसांना सांग म्हणून. म्हणजे ज्या गावाचं नुकसान झालं त्याच गावात. डुकरांचा प्रश्न मी पाळकांनाही विचारते, त्यांचं काय म्हणणं आहे ते इथेच लिहिते. तोवर सहावा अध्याय वाचा.